पाटीवरचा ‘आ’

पेंटरकाकांनी लेकीला शब्द दिला होता, की प्रवासात आणि त्यानंतरही ते एकही पाटी दुरुस्त करणार नाहीत. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाकडून असला शब्द घेणं म्हणजे मांजराकडून दुधाची शपथ घेण्यासारखंच होतं. पण काका आता एकट्याची खोली सोडून कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते. मागच्या खेपेला त्यांनी शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाटीतली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली होती. ती शेजारणीने हौसेने लावून घेतलेली निघाली. तेव्हापासून तिचं लेकीच्या घराशी बोलणं बंद होतं.

“बाबा, यांना जिन्यात मान खाली घालून जावं लागतं,” लेक फोनवर म्हणाली होती. “पुन्हा असं झालं तर मी काय तोंडाने तुम्हाला इथे ठेवून घेऊ?”

ते काकांच्या मनाला लागलं होतं. एकट्यासाठी भात टाकायचा त्यांना आता खरोखरच कंटाळा आला होता. म्हणून जावई न्यायला आला तेव्हा त्यांनी ब्रशांचा डबा मुद्दाम मागे ठेवला.

मधल्या गावात बस बदलायची होती. स्थानकासमोरच्या कॅफेच्या दाराशी जावयाने सामान टेकवलं. “बाबा, मी पुढच्या बसचं बघून येतो. तुम्ही तेवढ्यात काय घ्यायचं ते ठरवा. पाटीवर लिहिलंय सगळं.”

पाटी! काकांनी तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्यावरची कबुतरं पाहिली. पण ठरवायचं म्हणजे वाचायला हवंच. दारात तिकाटण्यावर काळा फळा होता. त्यावर खडूने दोनच ओळी होत्या. वर ‘माचा’. खाली ‘स्पेशल्टी कॉफी’.

माचा? काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कुणाची तरी बाही घासून पहिलं अक्षर पुसलं गेलं असावं आणि त्याचा काना ‘म’ला चिकटला असावा. बिचाऱ्यांनी ‘आमचा’ लिहिलं असणार! आणि येणारा-जाणारा बघतोय, हसतोय, पण कुणी सांगत नाही. फळ्याच्या कडेला खडूचा तुकडाही ठेवलेला होता. हा मात्र दैवाचा कावा होता, काकांचा त्यात काही दोष नव्हता.

‘ही काही दुरुस्ती नव्हे,’ त्यांनी स्वतःची समजूत घातली. ‘पडलेलं उचलून जागेवर ठेवायचं, एवढंच.’ आणि त्यांनी ‘मा’चा काना बोटाने पुसून त्याच्याआधी एक झोकदार ‘आ’ काढला.

दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर नवीनच पंचाईत. ‘आमचा स्पेशल्टी कॉफी’! तो कॉफी? कॉफी कधीपासून पुल्लिंगी झाली? आता आपण हात लावलेल्या पाटीवर असलं व्याकरण राहिलं तर नाव कुणाचं जाणार? या खेपेला तर खोडायचीसुद्धा गरज नव्हती. ‘चा’च्या डोक्यावर एक वेलांटी चढवली की झालं. ‘आमची स्पेशल्टी कॉफी’. काकांनी समाधानाने हात झटकले आणि सभ्य माणसासारखे आत जाऊन बसले.

तेवढ्यात एक बस लागली आणि प्रवाशांचा लोंढा आत शिरला. प्रत्येकाने कॉफीच मागितली. मालकीण एकटीच होती. ती प्रत्येक कपासाठी दाणे दळायची आणि कागदाच्या गाळणीवर किटलीने बारीक धार धरायची.

“यात जर्दाळूची चव लागेल,” तिने पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

“जर्दाळू घातलाय?”

“नाही.”

“मग लागेल कशाला?”

काकांना ही चर्चा फार आवडली. त्यांनाही जर्दाळू शोधून बघायचा होता. पण रांग वाढत चालली, धार तेवढीच बारीक राहिली आणि मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, धार काढताय की कॉफी?”

“लवकर हवं असेल तर माचा घ्या ना!” मालकीण काकुळतीला आली. “दोन वाडगे तयारच आहेत.”

“कुणाचा?”

“माचा!”

“तो कुठे लिहिलाय? बाहेर तर नुसती कॉफी आहे!”

काकांनी दाराकडे पाठ फिरवली. त्याच वेळी जावई धापा टाकत आला. “बाबा, बसला अजून थोडा वेळ आहे. चला, माचा घेऊ. इथला नावाजलेला आहे म्हणे. मला कधीचा पिऊन बघायचाय.”

“माचा म्हणजे?” काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

“हिरव्या चहाची पूड, बाबा. गरम पाण्यात घुसळतात. पण गंमत म्हणजे, पाटीवर दिसला नाही.”

काकांनी खडूने पांढरी झालेली बोटं हळूच मांडीखाली सरकवली. आता आपलं काही खरं नाही. संध्याकाळची परतीची बस असेलच. ब्रशांचा डबा तरी जागेवरच आहे.

मालकीण तरातरा बाहेर गेली आणि फळाच उचलून आत घेऊन आली. “हा कुणाचा उद्योग?”

जावयाने फळ्याकडे पाहिलं. त्या ‘आ’च्या काठीला खाली एक छोटासा झोक होता. तसाच झोक त्याच्या घराच्या दारावरच्या पाटीतही होता. ती पाटी सासऱ्यांनी लग्नात रंगवून दिली होती. रोज कुलूप उघडताना ती त्याच्या डोळ्यांसमोर असायची. त्याने काकांकडे पाहिलं. काका टेबलाची कड निरखत होते.

“कुणाचा, विचारतेय मी!”

“आमचा,” जावई उठून म्हणाला.

“माचा नाही हो, उद्योग कुणाचा?”

“तेच म्हणतोय. आमचा.”

“आणि ते दोन वाडगे निवून चाललेत, ते?”

“तेही आमचेच. द्या इकडे.”

काकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं ‘बाबांचा’ म्हणाला असता तरी चाललं असतं, खरंच होतं ते. हा पोरगा ‘आमचा’ म्हणाला. काकांनी डोळे पुसले आणि खडू गालाला लागला.

मग त्यांनी उठून वेलांटी बोटाने पुसली, ‘आ’ पुसला, ‘म’ला त्याचा काना परत दिला, मालकिणीची माफी मागितली आणि ते येऊन वाडग्यासमोर बसले. एवढ्यात लेकीचा फोन आला.

“अहो, बाबांनी वाटेत काही दुरुस्त नाही ना केलं?”

जावयाने सासऱ्यांच्या पांढऱ्या गालाकडे पाहिलं. “छे! आता बघ ना, पाटी जशी होती तशीच आहे.”

त्याने फोन ठेवला आणि मोठ्या उत्सुकतेने वाडगा तोंडाला लावला. पहिला घोट त्याने बराच वेळ तोंडात धरला. मग डोळे मिटून गिळला. काकांनीही एक घोट घेतला. पालक उकडून राहिलेलं पाणी कुणी एवढं घुसळत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“कसा आहे, जावईबापू?”

जावयाने मालकिणीकडे चोरून पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि काकांच्या कानाशी लागला.

“बाबा, तुमची दुरुस्तीच बरोबर होती.”