कट म्हणेपर्यंत हलायचं नाही

"तुम्ही आम्हाला विसरून जा. आम्ही इथे नाहीच असं समजा आणि अगदी नैसर्गिक वागा," दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या आणि त्याच दमात पुढे म्हणाल्या, "दार पुन्हा उघडा. मघाशी फार आनंदात उघडलंत."

ठोक्याने स्वतःच्याच घराचं दार पुन्हा उघडलं. सकाळपासून त्याचा हाच उद्योग चालला होता. एके काळी ह्याच्या ड्रमच्या पहिल्या ठोक्याला अख्खं स्टेडियम उभं राहायचं. पण बँड फुटून आता तीन वर्षं झाली होती. गायक बुलबुल एकीकडे गेला, ठोक्या दुसरीकडे, आणि गिटारवाले दोघे शहाणे निघाले, नोकरीला लागले. आता ठोक्या एकट्याने नव्याने उभा राहणार होता. स्वतःची गाणी, स्वतःचा कार्यक्रम आणि त्या सगळ्या धडपडीवर एक माहितीपट. त्याचं नावही ठरलं होतं, 'एकटा'.

बँड का फुटला हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. शेवटच्या कार्यक्रमात, भरल्या मैदानात, ठोक्याने गाणं मध्येच थांबवलं आणि माइकवर सांगितलं, "हा लय सोडून पळतोय." बुलबुलने माइक खाली ठेवला आणि तो खरंच पळाला. तेव्हापासून अबोला. ठोक्याला जगाकडून आता काही नको होतं. फक्त बुलबुलने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, "हो बाबा, मी पळतो." तेवढं ऐकायला मिळालं असतं तर तो माहितीपटही सोडून द्यायला तयार होता.

"आता फोनचा शॉट," बाई म्हणाल्या. "जुन्या मित्राची आठवण येते. तुम्ही नंबर लावता, रिंग जाते, धीर होत नाही, ठेवून देता."

"खराच नंबर लावू?"

"स्क्रीन जवळून दिसणार आहे. खोटेपणा लोकांना लगेच कळतो."

"आणि त्याने उचलला तर?"

"एका रिंगमध्ये कोण उचलतंय?"

ठोक्याने फोन लावला, ठेवला. पहिल्या वेळी अंगठ्याची सावली पडली. दुसऱ्या वेळी बायकोने स्वयंपाकघरात मिक्सर फिरवला. मग ठोक्याचा चेहरा दुःखी न दिसता सुटका झाल्यासारखा दिसला. मग कॅमेरावाल्याला शिंक आली. शेवटी एकदाचा शॉट मिळाला. पुढच्या शॉटमध्ये आवाज नको म्हणून कॅमेरावाल्याने नवरा-बायको दोघांचेही फोन मुके करून आपल्या पिशवीत टाकले.

इकडे बुलबुल आंघोळीहून बाहेर आला आणि फोन बघून मटकन खाली बसला. ज्या माणसाने तीन वर्षांत साधा वाढदिवसाचा मेसेज केला नाही, त्याचे एका दुपारी इतके मिस्ड कॉल! त्याने उलट फोन केला. कोणी उचलेना. वहिनींना केला. त्याही उचलेनात. बुलबुलचं डोकंही लय सोडूनच पळायचं. ते थेट शेवटच्या कडव्यावर जाऊन पोहोचलं. तो दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावत सुटला आणि वाटेत रडत रडत त्याने फुलंसुद्धा घेतली.

"शेवटचा शॉट, खचलेला कलाकार," बाईंनी सांगितलं. पडदे ओढले. ठोक्याला ड्रमशेजारी जमिनीवर उताणं झोपवलं, डोळे मिटायला लावले, हात छातीवर, हातात काठ्या. चेहऱ्यावर मऊ उजेड पडावा म्हणून बायकोच्या हातात पांढरी चादर ताणून धरायला दिली. "मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही. कोणी बोलायचं नाही. छत कोसळलं तरी नाही. कॅमेरा!"

आणि सकाळपासून ज्याच्यावर इतकी मेहनत घेतली होती ते उघडं दार ढकलून बुलबुल आत आला.

त्याने अंधारी खोली पाहिली, मान खाली घालून उभी असलेली माणसं पाहिली, पांढरी चादर घेतलेली वहिनी पाहिली. "वहिनी!" तो ओरडला. वहिनीने तोंड उघडलं, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले, की तिने नुसतंच ठोक्याकडे बोट दाखवलं.

"अरे माझ्या राजा!" बुलबुलने ठोक्यावर अंग टाकलं. "फोन करत होतास रे! आणि मी मेला आंघोळ करत होतो!"

ठोक्या कटची वाट बघत होता. कट येईना. बाईंना आनंदाने घाम फुटला होता.

"तूच खरा होतास," बुलबुल हुंदके देत म्हणाला. "मी पळतो. लहानपणापासून पळतो. तू मागून धरून ठेवायचास म्हणून गाणं गाणं वाटायचं. तुझ्याशिवाय तीन कार्यक्रम केले, तिन्ही वेळेआधी संपले!"

ठोक्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. नाकावर फुलं होती, छातीवर बुलबुल होता, तरी तो हलला नाही. मग बुलबुलने अखेरचा निरोप म्हणून त्यांचं ते गाजलेलं गाणं सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला तो पळाला.

"अरे हळू!" ठोक्या ताडकन उठून बसला. "कुणी मागे लागलंय का?"

बुलबुल किंचाळून मागे पडला तो थेट झांजांवर. खोलीभर झणझणाट झाला.

"कट! कट!" बाई नाचायलाच लागल्या. "सोनं आहे सोनं! दाखव, दाखव!"

कॅमेरावाल्याने दाखवलं. पडद्यावर त्याचे स्वतःचे बूट होते. मग चहा पिणाऱ्या बाई होत्या. मग पुन्हा बूट. सकाळी एकदा बटण चुकून आधीच दाबलं गेलं होतं. तेव्हापासून बाई "कॅमेरा" म्हणाल्या की तो बंद होत होता आणि "कट" म्हणाल्या की सुरू.

"पुन्हा घेऊ," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही बाहेरून या. रडा. मी पळतो म्हणा."

"मी?" बुलबुल केसांतली पाकळी काढत म्हणाला. "मी असं काही बोललोच नाही."

"राहू दे हो," ठोक्या म्हणाला. "मी ऐकलंय." आणि त्याने बुलबुलला हात देऊन उठवलं.

पण तिकडे बाई आणि कॅमेरावाल्यात भडका उडाला होता. "कॉलेजपासून तुला सांभाळून घेतेय!" "आणि मी तुझं सकाळपासूनचं 'पुन्हा एकदा' ऐकतोय! जा, कर एकटीने!" कॅमेरावाल्याने कॅमेरा उचलला आणि तो दार आपटून निघून गेला. ह्या वेळी दार पहिल्याच टेकला बरोबर आपटलं गेलं.

बाई सोफ्यावर कोसळल्या. वहिनीने चादर त्यांच्या खांद्यावर घातली, पाणी दिलं, आणि समोर मोबाइल धरला. कॅमेरावाल्याने जाताना पिशवीतले फोन तेवढे टेबलावर ठेवले होते.

"आता सांगा," वहिनी हळुवारपणे म्हणाली, "जोडी फुटल्यावर कसं वाटलं?"

"अगदी नैसर्गिक वागा," बुलबुल म्हणाला. "आम्ही इथे नाहीच असं समजा."

बाईंचा बांध फुटला. ठोक्याने मागून वाकून बायकोच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"अगं, थांबव त्यांना," तो म्हणाला. "तू बटणच दाबलं नाहीस."