रशीदमिस्त्रींची ट्रायल

"अबे मिस्त्री, बैल काढ पहिले! कपबश्या फुटतीन!" शेठ काउंटरवर चढून बोंबलत होते. दुकान काचसामानाचं, बैल माझा आणि कासरा रशीदमिस्त्रींच्या हातात.

"थांबा शेठ, ट्रायल चालू हाय," मिस्त्री म्हणाले.

झालं होतं असं, की धसमुसळ्या माणसाला इंग्रजीत 'काचसामानाच्या दुकानात शिरलेला बैल' म्हणतात, असं मिस्त्रींच्या लेकीच्या पुस्तकात होतं. शबनम नर्स. परदेशात नोकरी पाहिजे, तर आधी इंग्रजीची परीक्षा. घरात ही दोघंच, त्यामुळं उजळणी घ्यायचे ते मिस्त्रीच. आणि आमच्या नेर गावात चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हा माणूस ट्रायलशिवाय साधा नटसुद्धा घेत नाही. "पोरीनं खोटा माल पाठ केला अन् नापास झाली त?"

बैलानं तेरा डिनर सेट हुंगले आणि नव्या जावयासारखा संकोचून उलट्या पावली बाहेर आला. फुटली ती एकच बरणी, तीही शेठनं मला फेकून मारली म्हणून. मिस्त्रींनी ग्रीसच्या बोटानं पुस्तकात फुली मारली.

'पाय ओढणे' म्हणजे थट्टा करणे? फुली. "गॅरेजमंदी मी रोज पाय ओढतो. माणूस ट्रॅक्टरखालून बाहेर येते. हसत कोणीच नाई."

'हॅड आय नोन', म्हणजे 'मला ठाऊक असतं तर', हे मात्र पहिल्या फटक्यात पास. "पाहा भाऊ, 'हॅड' हा हेल्पर 'आय' ड्रायव्हरच्या पुढं जाऊन बसला, तरी गाडी चालून राह्यली! कारागीर हायेत लेकाचे."

'काळीज तोंडात येणे', म्हणजे जीव कासावीस होणे, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मिस्त्रींनी माझ्याच नरड्याला मापाचा कॅलिपर लावला. "काळीज मुठीएवढं, नळी दोन बोटांची. बसतच नाई. फुली!"

शबनम पास झाली. अब्बांची फुली ज्यावर, ते हमखास बरोबर, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.

ती निघाली त्या दिवशी नागपूरची एसटी लागली. शबनम खिडकीतून हात काढून म्हणत होती, "अब्बा, कुछ तो बोलो!" मिस्त्री ओठ गच्च मिटून पान्यानं टायर ठोकत होते. सहाही टायर झाले. मग पुन्हा पहिल्यापासून सहाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, वळणावरून दिसेनाशी झाली.

मला राहवेना. "मिस्त्री, लेक एवढ्या दूर चालली. खुदा हाफिज तरी म्हणायचं होतं! काहून नाई बोलले?"

मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

"तोंड उघडलं असतं त काळीज खाली पडलं असतं," ते म्हणाले.