धोट्यांच्या झुबकेवाल्या कोंबड्या

"मी धोटे आलो जी. डाव्या अंगानं येऊन राहिलो. हातात दाण्याचं टोपलं हाय."

सेक्टर सहामधल्या आमच्या शेजारच्या परसातून ही घोषणा रोज संध्याकाळी व्हायची. ती कोंबड्यांसाठी असे.

रशियन मदतीनं पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. धोटे स्टोअरमध्ये क्लार्क, पुलगावकडचे. त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या हुशारीमुळे. क्वार्टरं अशी, की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पहिल्याच आठवड्यात मी ड्युटीवरून आलो, खुर्चीत बसलो, बूट काढले आणि ओरडलो, "चहा!" चहा आला. तो धोट्यांनी आणला होता. "साखर कमी तं नाही जी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी ड्रॉइंग ऑफिसात. अख्ख्या कारखान्याचे नकाशे वाचणारा माणूस स्वतःचं घर चुकला, हे सेक्टरात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग मीच सांगत सुटलो.

कोंबड्या तीन. मायदेशी निघालेल्या एका रशियन इंजिनियरच्या बायकोनं दिलेल्या. इतक्या गरीब, की कुणीही उचलून काखेत घ्यावी. पण डोक्यावर पिसांचा हा मोठा झुबका, डोळे त्यात बुडालेले. न सांगता जवळ गेलं की भेदरून उडत.

"कापून टाका की झुबका," मी सल्ला दिला. सल्ले मी फुकट देतो.

"वा जी! तुमी आपली सोय पाहून राहिले. ज्याले दिसत नाही त्याले सांगत जावं."

क्वार्टर मिळून वर्ष झालं तरी धोटेवहिनी पुलगावला भावाकडेच होत्या. विचारलं की धोटे म्हणत, "भेते जी ते नव्या जागेले. येते म्हणते." माझ्या बायकोचं मत, कोंबड्यांशी बोलणाऱ्या नवऱ्याकडे कोण येईल? मी मान डोलावली. तिच्यापुढे माझी मान सहसा त्याच दिशेनं हलते.

एकदा धोटे कोंबड्या माझ्यावर सोपवून वहिनींना आणायला गेले. मी लगेच डोकं चालवलं. पाण्याचं घमेलं उन्हात होतं, ते भिंतीच्या सावलीत सरकवलं. घोषणा करायची लाज वाटली, म्हणून मुकाट्यानं आत शिरलो. एक कोंबडी माझ्या डोक्यावर बसली, दुसरी चष्मा घेऊन गेली.

धोटे परतले ते एकटेच. तिसरी कोंबडी घमेल्याच्या जुन्या जागी कोरड्या मातीत चोची मारत होती. ते पाहून हा शांत माणूस माझ्यावर भडकला.

"घमेलं हलवलं कावून? तिच्या ध्यानात ते इथंच हाय! तिचं सारं घर परकं करून टाकलं तुमी."

मग घमेलं जागेवर ठेवून ते तिथंच मातीत बसले. "आमच्या घरचीचे डोळे गेले जी. काचबिंदू. भावाच्या घरी पाऊल न पाऊल पाठ हाय. इथं म्हणते, कोण आलं, कोण गेलं, मले कोण सांगन?" एका कोंबडीला त्यांनी मांडीवर घेतलं. "मी शिकून राहिलो."

या वेळी सल्ला न देता, घमेलं न हलवता मी त्यात पाणी ओतलं.

पुढच्या खेपेला वहिनी आल्या. चार दिवस राहून पाहते, नाही जमलं तर परत जाते, असं ठरवून. चौथ्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. दारातच माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, मी शेजारचा इंगळे. उजव्या अंगानं येऊन राहिलो. हातात लाडवांचा डबा हाय."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. वहिनींनी मात्र बरोब्बर माझ्याकडे तोंड वळवलं.

"या जी भाऊजी. तुमची खुर्ची होती तिथंच हाय, आमच्या यायनं हलू नाही देली," त्या म्हणाल्या. मग भिंतीला हातही न लावता उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. "बूट काढा. चहा ठेवते."