शामण्णांना न मानवणारे पत्ते

पत्त्यांचा कॅट विकत घेण्याआधी त्याचा वास घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शामण्णा. नुसता वास घेऊन थांबले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते कॅट कानाशी नेऊन फर्रकन वाजवत, डाव्या हातानं कापत, उजेडात धरत आणि मग दुकानदारानं शिळी इडली वाढल्यासारखं त्याच्याकडे बघत. “मानवत नाही,” एवढं म्हणून चालू लागत. मागे दुकानदाराची माफी मागायला मी.

बरं, हे रमीचे पत्ते नव्हेत. टॅरोचे. अठ्ठ्याहत्तर चित्रांचा, भविष्य सांगायचा विलायती कॅट. साठ सालच्या सुमारास बंगळुरात तो नवा कुठेच मिळत नसे. छावणीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघाली की त्यांचं सामान शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात येई. त्यात कपबश्या, आरसे आणि क्वचित असा एखादा कॅट. तशी बातमी लागली की शामण्णा रविवारी सकाळी सातला माझं दार वाजवत.

माझंच का, तर मल्लेश्वरमच्या त्या वठारात, म्हणजे एका आवारातल्या ओळीच्या खोल्यांत, मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मी पुण्याहून आलेला इंजिनिअर. ते बेळगावकडचे, आमच्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. लग्न केलेलं नाही. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि त्याच्या आत त्यांना हा कॅट हवाच होता. कशाला, ते सांगत नसत. विचारलं की “स्वल्प थांब की,” म्हणत.

मला संताप यायचा तो याचा. आठवडाभर आमच्या आराखड्यांतली सूतभर चूकही माफ न करणारा हा माणूस, आणि रविवारी भविष्याच्या पत्त्यांमागे वणवण. तीही धड नाही. अख्ख्या कॅटमधलं ते एकच चित्र बघत. हातात कंदील घेतलेला, लांब दाढीचा एक म्हातारा. पहिल्या कॅटमधला म्हातारा त्यांना आजारी वाटला, दुसऱ्यातला गर्विष्ठ. तिसऱ्याच्या कंदिलात वातच नाही म्हणाले. उरलेली सत्त्याहत्तर चित्रं तरी बघा, असं मी कळवळून सांगितलं, तर ती असतात रे सगळीकडं, असं उत्तर.

शेवटी मी लंडनच्या मामेभावाला पत्र लिहून नवाकोरा कॅट मागवला. चार महिन्यांनी आला. मी तो मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो त्याच कागदात, त्याच दोऱ्यानं बांधून माझ्या खिडकीत. छान आहे म्हणाले, पण मानवत नाही. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

फेब्रुवारीत पुन्हा दार वाजलं. नाही म्हणायचं ठरवून मी चपला घातल्या. या वेळचा कॅट गोळ्यांच्या गंजक्या डब्यात होता. कोपरे झिजलेले, पत्ते भाकरीसारखे मऊ पडलेले. शामण्णांनी म्हातारा शोधला आणि बघतच राहिले. कुण्या पोरानं त्याच्या पायाशी पेन्सिलनं एक कुत्रं काढलं होतं. वेडंवाकडं, पाच पायांचं.

ना वास घेतला, ना वाजवला. सांगितली ती किंमत देऊन मोकळे. मी तिथेच पत्ते मोजले. दोन कमी. माझा नवाकोरा कॅट परत करणाऱ्या माणसानं हे गचाळ बाड छातीशी धरून घरी न्यावं, याचा मला इतका राग आला की बसमध्ये मी दुसऱ्या बाकावर बसलो.

मार्च संपला. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो, खरं तर भांडायलाच. चटईवर पत्ते मांडलेले, शेजारी दोन कप. दुसरा कप कोरडा होता.

पूर्वी छावणीत ते एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी भाड्यानं राहत, ते त्या दिवशी मला कळलं. त्या बाई पत्ते बघून लोकांचं भविष्य सांगत.

“रोज संध्याकाळी चार माणसं तिच्या टेबलाशी असायची बघ,” शामण्णा म्हणाले. “कारखाना होता तोवर ठीक. आता माझ्याकडं कोण येणार? पत्ते असले की येतात माणसं.”

“आणि हा म्हातारा?”

“सगळ्या कॅटमध्ये एकटाच फिरतोय रे तो. रोज त्याचं तोंड मला बघवंना. ह्याच्या सोबतीला कुत्रं तरी आहे.”

विषय बदलायचा म्हणून मी माझं भविष्य विचारलं.

“ते मला कुठं येतंय?” ते म्हणाले. “तू आलास की.”

माझा वर्षभराचा राग तिथल्या तिथे माझ्यावरच उलटला. आमच्या दोघांत एक भिंत. शेजारपणाच्या तीन वर्षांत त्यांनी माझं दार किती वेळा वाजवलं असेल. मी त्यांचं वाजवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही भांडायला.

मी चटईवर मांडी घातली आणि म्हटलं, “पिसा, अण्णा.” त्यांनी पत्ते बाजूला ठेवले आणि आधी स्टोव्ह पेटवला.