पेंडसे काकांचं मेक्सिको

आमच्या वरच्या मजल्यावरचे पेंडसे काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहतात आणि समोरच्या डोंगराला झापतात. मस्कतजवळच्या अल अमेरातचा डोंगर तो, उघडाबोडका. "एक झाड नाही, एक झुडूप नाही! सभ्यता म्हणून काही आहे की नाही?" डोंगर काही बोलत नाही, मग काकांचा पारा आणखी चढतो. मी खाली डबे भरत असते, मुलीचा मोजा सापडत नसतो, आणि वरून हे भांडण. डोक्याला ताप नुसता!

सभ्यतेचा जाब ते सगळ्यांनाच विचारतात. फ्रीज घरघरला की फ्रीजला, चहात साखर कमी पडली की मला. एसी दुरुस्तीचे सुपरवायझर म्हणून उभा जन्म मस्कतमध्ये गेला, लग्न राहूनच गेलं, त्यामुळे ऐकून घ्यायला हक्काची मीच.

आता काका रिटायर झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा खलास. कितीही वर्षं काढलेली असोत, बॅग भरायची. काका सांगलीला जाणार असंच आम्ही धरून चाललो होतो. तिथे धाकटा भाऊ आहे, ऐसपैस घर आहे. तर एका शुक्रवारी आमच्याकडे थालीपीठ खाता खाता म्हणाले, "मी मेक्सिकोला चाललो. कायमचा."

माझ्या नवऱ्याला ठसकाच लागला.

"ग्वानाह्वातो म्हणून गाव आहे. जुनं, डोंगरावर वसलेलं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला राहू देतात तिथे."

"पुन्हा डोंगरच? इथल्या डोंगरानं काय कमी डोकं खाल्लं तुमचं?"

"अगं, तिथे माणसांनी त्यावर घरं बांधलीत! पिवळी, गुलाबी, निळी! बोळाबोळांतून पायऱ्या चढत जायचं. आपले इथले डोंगर नुसते बसून आहेत!"

मला असा राग आला म्हणून सांगू! लिफ्ट बंद पडली की गुडघे धरून आमच्या सोफ्यावर बसणारा हा माणूस, आणि निघालाय पायऱ्यांच्या गावाला! तिथे ओळखीचं काळं कुत्रं नाही. भाषा येत नाही. तर मोबाइलवर स्पॅनिश शिकायला लागले. उत्तर चुकलं की मोबाइल टुंग करायचा आणि काका ओरडायचे, "टुंग काय करतोस मेल्या? काय चुकलं ते सांग की!" सकाळी डोंगर, संध्याकाळी स्पॅनिश. आम्ही माणसं आहोत की नाही?

काल मी वर त्यांच्याकडे गेले. एअरपोर्टला मीच सोडणार होते, तेव्हा फ्लाइट कधीची ते विचारायचं होतं. पण उघड्या बॅगा बघितल्या आणि माझा तोल गेला. "सख्खा भाऊ असताना हे काय भिकेचे डोहाळे, काका? त्याला काय वाटेल? तुम्हाला काही मन आहे की नाही?"

एरवी काकांनी मला दुप्पट सुनावलं असतं. काल खाली बसले.

"दिवाळीत सांगलीला गेलो होतो ना, ते तिथेच राहायचं ठरवून गेलो होतो. आपण गावी गेलो की दारातच सगळे विचारतात बघ, कधी आलास, परत कधी? तुलाही विचारत असतील."

विचारतात. चप्पल काढायच्या आत विचारतात.

"या वेळी मी म्हटलं, आता परत नाही. इथेच. भाऊ खूश झाला गं. भावजयीनं शिरा केला, खोली आवरून दिली. जेवलो, पोटभर गप्पा झाल्या. आणि उठता उठता भाऊ म्हणाला, 'बरं दादा, मग परत कधी?'"

"विसरले असतील हो."

"विसरलाच. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर रागावताही येईना." काकांनी बॅगेतल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. "परक्या गावात परका म्हणून राहायची सवय आहे मला. आपल्याच घरात नाही जमत गं."

आणि ते बॅगेची चेन ओढायला लागले. ती बसेना, तेव्हा मी बॅगेवर बसले आणि त्यांनी ओढली. चेन लागली.

कधी निघताय, एवढंच विचारायला मी वर गेले होते. माझ्या तोंडून ते निघेना.