लसूण सोलत जन्मठेप

शिवलीलासमोर रिकाम्या हातांनी संवाद म्हणायची सोय नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत ती सतरंजीवर जुनं वर्तमानपत्र पसरते, त्यावर पिशवीतला पावटा ओतते आणि म्हणते, "हां, म्हण आता."

आमच्या नाट्यगटात प्रत्येक नव्या पोराला एक जुना जोडीदार मिळतो. सर संध्याकाळी तालीम घेतात. त्याआधी दुपारी पाठांतर, उच्चार, कुठं उभं राहायचं, हे सगळं जोडीदारानं शिकवायचं. बाकीच्यांना माणसं मिळाली, मला शिवलीला मिळाली. माझ्यापेक्षा फक्त अकरा महिन्यांनी मोठी. तरी पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "मला अक्का म्हणायचं. आमच्या गडहिंग्लजकडं थोरल्या बहिणीला अक्काच म्हणत्यात." मी तिची धाकटी बहीण कधी झाले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नाटकात मी न्यायाधीश होते. आरोपीला जन्मठेप सुनावायची, एवढंच काय ते जोरदार काम. ती जन्मठेप मी दोन महिने लसूण सोलत सुनावली.

एकदा न राहवून मी विचारलं, "अक्का, न्यायाधीश कोर्टात लसूण सोलत्यात व्हय?"

"हात मोकळं असलं की माणूस अ‍ॅक्टिंग करतंय. हात कामात असलं की बोलतंय. सोल की! आणि पाकळी फोडू नको."

पाकळी फोडू नको! अभिनयाचा आणि अखंड पाकळीचा काय संबंध? पण शिवलीला खुलासे देत नाही, हुकूम देते. आवाज पडला की "जेवली न्हाईस व्हय?" आवाज वाढला की "आरोपी बहिरा न्हाय, हळू." आणि चुकून एखादं वाक्य जमलंच, तर तोंडातून शब्द नाही. नुसता पावट्याचा पुढचा ढीग माझ्याकडं सरकवायचा. तेच कौतुक समजायचं.

बाकीच्या जोड्या हॉलभर हातवारे करत फिरायच्या आणि आम्ही दोघी कोपऱ्यात लग्नघरातल्या बायकांसारख्या बसलेल्या. माझी नखं हिरवी झाली. सिटी बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकून बसायला लागली. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, तू नाटकात आहेस की आचाऱ्याच्या हाताखाली?

प्रयोगाला पंधरा दिवस राहिले आणि त्या दिवशी तिनं मेथी आणली. चार जुड्या. माझं डोकंच फिरलं. मी तडक सरांकडं गेले. "सर, मला नाटक शिकायचंय, भाजी निवडायला नाही. दुसरी जोडी द्या."

सर "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून शिवलीला आलीच नाही. ती नाटकात नव्हती. जोडी सुटल्यावर तिला हॉलवर काही कामच उरलं नाही.

दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशाचे हात कुठं ठेवायचे ते कळेना. नवा जोडीदार म्हणाला, कमरेवर ठेव. तर जन्मठेप सुनावताना मी नळावर भांडायला आल्यासारखी दिसायला लागले. सगळा हॉल हसला.

तिचं एक पातेलं हॉलवर राहिलं होतं. ते द्यायचं निमित्त करून मी राजारामपुरीत तिच्या मामांचं घर शोधत गेले. घर वरच्या मजल्यावर आणि खाली खानावळ. आसपासच्या क्लासची पोरं तिथं जेवायला येतात. मागच्या दाराशी शिवलीला बसली होती, पुढ्यात पाटीभर पावटा. आतून मामीचा आवाज आला, "अगं, झालं का न्हाय अजून? नाटकाला जायचीस तवा पाचलाच सगळं सोलून आणायचीस की! आता पोरास्नी वाढायला कवा येणार?"

मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. खानावळीचं काम उरकल्याशिवाय तिला घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून ती काम घेऊनच हॉलवर येत होती. आणि संध्याकाळी, आमच्या तालमीच्या वेळेला, ती इथं पोरांना वाढत होती. म्हणून तिला कधी कुठल्या नाटकात काम करता आलं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटली.

तिनं पातेलं घेतलं, उलटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "सर म्हणालं, रेश्मा आता तयार झालीया, तिला शिकवायची गरज न्हाय." मग तिनं मला पहिल्यांदाच हुकूम न सोडता काहीतरी विचारलं, तेही पावट्याकडं बघत. "म्हंजे, मी बरं शिकवलं न्हवं?"

हो म्हटलं असतं, तर ती खूश होऊन तिथंच बसून राहिली असती.

"कशाचं काय, अक्का," मी म्हणाले. "शिक्षा सुनावताना हात कुठं ठेवायचं कळंना झालंय. सगळी हसाय लागल्यात."

"वाटलंच मला!" तिचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडं बघवेना. ती मांडीवरची सालं झटकत उठली आणि दारात तोंड घालून ओरडली, "मामी, उद्यापासनं मी हॉलवर चाललो! पोरगी पार वाया चाललीया!"