बेलापूरचे पाहुणे

संस्थांना सल्ला देणं हा माझा धंदा. वाचनालय असो, व्यायामशाळा असो की चर्चचं मंडळ, त्यांच्या वतीनं धर्मादाय कचेरीची पायरी मी चढतो. (उतरतोही मीच. बहुधा हात हलवत.)

बहात्तर साली दुष्काळ पडला आणि नगर जिल्ह्यात पाण्यापेक्षा मंडळं जास्त झाली. निम्मी मंडळं माझ्याच ओट्यावर भांडून मोडायची. तेव्हा मी ठरवलं, यापुढे आधी कसून चौकशी, मग चहा, आणि पटलं तरच काम.

एका शनिवारी बेलापूरच्या वाचनालयाचे लोक यायचे होते. त्याच दिवशी आमच्या मरियमला पाहायलाही बेलापूरचेच पाहुणे येणार, हे माझी बायको लिडिया हिनं मला सांगितलं होतं. मी 'हं' म्हटलं होतं. (हे मी फार चांगलं म्हणतो.) याआधीची दोन स्थळं परत गेली होती.

सकाळी दोन गृहस्थ आले. बेलापूरहून आलो म्हणाले. मी त्यांना बसवलं आणि चौकशीला लागलो.

"स्थापना कधीची?"

दोघांतल्या थोरल्यांचं नाव शलमोनराव. यजमान थट्टेखोर दिसतात असं वाटून ते हसले. "शेहेचाळीस सालची."

उत्पन्नाचं विचारलं, तर साखर कारखान्याकडून दरमहा मिळतं, गेल्या वर्षी कायम झालं, म्हणाले. मी खूश झालो. आपसात भांडणं? त्यावर शलमोनराव खाली बघून म्हणाले, की धाकट्या भावाशी बोलणं नाही. या प्रामाणिकपणाचं मी कौतुक केलं.

"आता शेवटचं. पाचेक वर्षांत बंद पडलं, तर मालमत्ता कोणाकडे जाणार?"

शलमोनरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"देवाची कृपा हाय," शलमोनराव कसेबसे म्हणाले. "तब्येत चांगली हाय त्याची."

"सगळे असंच म्हणतात. या दुष्काळात चांगली तरणीताठी बंद पडताना पाहिलीत मी. आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं."

तेवढ्यात आतून मरियम पोह्यांचा ट्रे घेऊन आली. नवी साडी नेसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण ट्रेमधल्या बश्या वाजत होत्या. त्या बश्या बघून मला सगळं कळलं. पण तोवर पाहुणे उठले होते.

दारात शलमोनराव लिडियाला म्हणाले, "बाई, पोरगी चांगली हाय. पन आमचं पोरगं अजून जितं हाय."

मी रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेलो, वाचनालयाचं सांगत राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुपारी वाचनालयाचे लोक आले. त्यांना मी एक शब्द विचारला नाही. गार पोहे दिले आणि काम घेतलं. मरियमनं साडीची घडी घातली आणि ती ट्रंकेत ठेवली. बेलापूरला जाऊन माफी मागतो, असं मी म्हणालो, तर लिडिया म्हणाली, "तुम्ही आता काही करू नका."

मी काही केलं नाही, म्हणूनच बहुधा पुढच्या वर्षी मरियमचं जमलं. मुलगा शिक्षक आहे, माणसं भली आहेत. हे मला लिडियानं सांगितलं. हे नवे पाहुणे आले त्या दिवशी तिनं मला सकाळच्या एस.टी.नं घोडेगावच्या बैलबाजारात पाठवलं होतं. हाडं निघालेली जनावरं आणि त्यांचे गप्प धनी, यांच्यात मी संध्याकाळपर्यंत उभा होतो. काय घ्यायचंय, असं कोणी विचारलं की "बघतोय" म्हणत होतो. आमच्या घरी आजवर साधी शेळीसुद्धा नव्हती.